नवा एसएमपीएस आणि जुनी केबल

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात संगणक बिघडला की त्याचे खापर विजेवर फोडणे ही दुरुस्तीवाल्यांची ठरीव सबब होऊन बसली आहे. कारण शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातले दिवे मंदावतात, हे येथे कोणालाच नाकारता येत नाही. ‘लाइटीनं मदरबोर्ड उडाला, आम्ही काय करणार?’ एवढे बोलून ज्या दुकानदाराने माझी बोळवण केली, त्यानेच आदल्या दिवशी माझ्या यंत्रातील 450 वॅटचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा संच, काढून 650 वॅटचा बसविला होता. जुना संच याच विजेवर वर्षानुवर्षे निर्वेधपणे चालला आणि नव्याच्या लेबलावर तर 100 ते 240 व्होल्टची ग्वाहीच छापलेली होती. परंतु हे ऐकून घेण्याइतकेही सौजन्य त्याने दाखविले नाही.

बटण दाबले की पंखा किंचित हले आणि थांबे. अखेर मीच सर्व जोडण्या सोडविल्या, केवळ मदरबोर्ड व प्रोसेसर यांच्या तारा ठेवल्या, आणि जो बोर्ड ‘उडाला’ होता तो तत्काळ सुरू झाला! डिस्कची तार जोडताच पुन्हा बंद. तेव्हा नव्या एसएमपीएसचे खोके उघडून पाहिले, तो त्याच्या सर्व सुट्या केबली प्लास्टिकच्या बंदासकट जशाच्या तशा पडलेल्या! कॅबिनेटच्या पाठीमागून तारा पुन्हा ओवण्याचे कष्ट टाळण्यासाठी त्या गृहस्थाने डिस्कला वीज पुरविणाऱ्या जुन्याच साटा केबली नव्या एसएमपीएसला जोडल्या होत्या. ज्यांच्यात जुन्नर परिसरातील घराघरांतून विश्वासाने सोपविलेल्या वतनाच्या, वाटणीच्या मोडी कागदांच्या प्रतिमा होत्या, ती डिस्क आणि तिची नक्कल, दोन्ही त्याच तारेवर असल्याने एकदमच गेल्या.

म्हणून सांगतो. साटा केबलचे डिस्ककडील टोक सर्वत्र सारखे असले, तरी एसएमपीएसकडील टोकातील तारांचा क्रम उत्पादकागणिक, क्वचित एकाच उत्पादकाच्या दोन मालिकांतही, निराळा असतो. खाचेत बसली म्हणजे केबल योग्य ठरत नाही. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की डिस्क संपली. एसएमपीएस बदलला की त्याच्या सुट्या केबलीही बदलल्याच पाहिजेत, आणि त्या आपल्यासमोर बदलून घ्याव्यात. पंखे फिरतात पण पडद्यावर काही येत नाही, असे झाल्यास प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची जोडणी प्रथम पाहावी. यंत्र मुळीच सुरू होत नसेल, तर वीज काढून एकेक घटक सोडवीत जावे. दोष आपोआप उघडा पडतो. स्टॅबिलायझर असावा, माहितीची एक प्रत यंत्राबाहेर असावी, आणि माणूस पारखून घ्यावा. जळालेली डिस्क टाकू नये; पुष्कळदा तिच्या पाटीवरील संरक्षक डायोड स्वतः जळून आतील मजकूर वाचवितो. माझ्या एका डिस्कमधील मजकूर पुण्यातील एका जाणकाराने असाच परत मिळवून दिला.

त्याचा खर्च मात्र दुकानदाराने अद्याप दिलेला नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्कही पडत नाही. तेव्हा पावती, जुनी केबल आणि नव्या केबलींचा न उघडलेला जुडगा हा सारा पुरावा जपून ठेवावा. मी तो ठेवला आहे आणि पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे द्यावयाचा अर्जही सिद्ध आहे. लाइटीचा खुलासा दुकानदाराने आता तेथे करावा.