मूठ वळत नसेल तर

लकवा मारला किंवा कोयत्याने हाताची शीर तुटली, की आपल्या किकवी भागात आधी मालिशवाला शोधतात. जखम भरते, पण मूठ वळत नाही. माणूस ओसरीवर बसून राहतो. आमच्या मते इथे व्यवसायोपचार तज्ज्ञ हवा. व्यवसाय म्हणजे नोकरी नव्हे, रोजचे काम. भाकरी मोडणे, गुंडी लावणे, खुरपे धरणे हे तो पुन्हा शिकवतो; पकड येईना तर खुरप्याची मूठच जाड करायला सांगतो. भारतात हे शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी सुरू केले. फलटणचे शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर, त्यांच्या त्या आई! पुण्यास औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. पदवी व राज्य परिषदेची नोंदणी जरूर विचारावी. टाके निघताच डॉक्टरांना विचारा. आखडलेली बोटे सोडवणे फार जड जाते.