बॅटरी कोण खातं?

आमची नात लॅपटॉपवर नोकरीचा अर्ज भरीत होती. मुदत त्याच रात्री बारापर्यंत. साडेनऊला लाईट गेली. बॅटरी तिसरा हिस्सा उरली होती. पोर घाबरली. "आजोबा, पुरेल का हो एवढी?"

आम्ही म्हणालो, आधी हिशेब कर.

मंडळी, विजेचे बिल आपण सारेच भरतो. 1000 वॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट होते. बॅटरीही तशीच मोजतात. नातीच्या बॅटरीवर 40 वॅट-तास छापले होते. म्हणजे 40 वॅटचा दिवा तासभर जळेल एवढी वीज. तिचा तिसरा हिस्सा 13. लॅपटॉप तासाला 20 वॅट-तास खाऊ लागला, तर ती 40 मिनिटांत संपणार. 7 वरच भागवला, तर पावणेदोन तासांहून थोडी जास्त टिकणार.

मग खातं कोण? पहिला प्रोसेसर. सारी आकडेमोड हाच करतो. नखाएवढ्या चकतीत कोट्यवधी बारीक बटणे असतात. ती सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात, आणि दर वेळी थोडी वीज जाते. वेग वाढवायचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो. म्हणून काम दुप्पट वेगाने केले, तर खर्च दुपटीहून जास्त होतो. बैल बसला तरी वैरण खातो. प्रोसेसरचे तसे नाही. काम नसले की तो एखाद्या वॅटवर, कधी त्याहून कमीवर पडून राहतो. कामाला जुंपला की साध्या लॅपटॉपातलाही 15 वॅट किंवा जास्त ओढतो. मग तापतो, आणि आतला पंखा घूं घूं करू लागतो. तो आवाज आला की समजावे, बॅटरी भराभर चालली!

दुसरी स्क्रीन. ती पूर्ण उजेडावर साधारण 3 ते 5 वॅट घेते. पण तिला विसावा नाही. तुम्ही नुसते बघत बसलात तरी ती खातच असते. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेते, तिला एक-दोन वॅट लागतात. नव्या एस.एस.डी.त काही फिरत नाही, म्हणून ती कमीत भागवते. मेमरी आणि वाय-फाय यांचा खर्च किरकोळ.

नातीच्या लॅपटॉपचा पंखा घुमतच होता. पाहिले, तर मागे व्हिडिओ चालू, दहा-बारा पाने उघडी! ती सारी बंद करविली. स्क्रीनचा उजेड डोळ्यांना पुरेल इतकाच ठेवला. दोन मिनिटांत पंखा गप्प झाला. इंटरनेट मोबाईलवरून घेतले. तरी आमचा जीव टांगणीलाच होता, कारण बॅटरी तीन वर्षांची. जुन्या बॅटरीत छापल्याइतकी वीज मावत नाही. (जुना लॅपटॉप विकत घेताना हे जरूर पाहावे. चार्जर काढून अर्धा तास चालवून बघावा.)

अकराला दहा कमी असताना अर्ज गेला. लाईट पहाटे आली.