आधी चाकं धावू द्या, मग डबा सजवा

लेगोच्या विटांपासून स्वतःच्या आराखड्याने आगगाडी बांधणाऱ्या बहुतेकांची पहिली गाडी दिसायला देखणी होते आणि रुळांवर मात्र अडते. रंग जुळलेले असतात, खिडक्या ओळीत असतात, टपावरचा पेंटोग्राफही उघडता-मिटता येतो. गाडी सरळ रुळावर ऐटीत सुटते. पहिल्या वळणावर डब्यांचे कोपरे एकमेकांना भिडतात, मागची बोगी रूळ सोडते आणि इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत राहतात. प्रस्तुत लेखकाने अशा गाड्या बांधल्या आहेत, इतरांच्याही पाहिल्या आहेत. त्या सगळ्यांमध्ये दोष एकाच जागी सापडला: आराखडा टपाकडून सुरू झाला होता. तो रुळाकडून सुरू व्हायला हवा.

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीने विजेवर चालणारी आगगाडी १९६६ मध्ये आणली. तेव्हापासून मोटरी, तारा, सेल, रिमोट हे सगळं अनेकदा बदललं, पण रुळांची रुंदी तीच राहिली. दोन रुळांच्या मध्यांमधलं अंतर ५ स्टड (विटेवरचे गोल उंचवटे), म्हणजे ४० मिमी. आतल्या कडा मोजल्या तर साधारण ३७.५ मिमी. आराखड्याची सुरुवात या आकड्यापासून करावी.

भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमीचं आहे. त्याला ३७.५ ने भागलं की प्रमाण येतं साधारण १:४५. आता लांब पल्ल्याच्या गाड्यांचा एलएचबी डबा घ्या. त्याची लांबी २३.५४ मीटर, रुंदी ३.२४ मीटर. या प्रमाणात तो ७२ मिमी रुंद, म्हणजे बरोबर ९ स्टड होतो, आणि लांबी भरते ५२३ मिमी, म्हणजे सुमारे ६५ स्टड. मुंबईची लोकल ३.६६ मीटर रुंद असल्यामुळे तिला १० स्टड लागतात. कागदावर हे अगदी चोख दिसतं आणि पुष्कळ जण इथेच विटांची यादी करायला बसतात.

अडचण वळणाची आहे. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२० मिमी. असे १६ तुकडे जोडले की वर्तुळ पूर्ण होतं. १:४५ च्या हिशेबाने खऱ्या जगात ही त्रिज्या साडेचौदा मीटरांच्या आत येते. भारतीय रेल्वेत ब्रॉडगेजचं सर्वांत तीव्र वळणसुद्धा १७५ मीटर त्रिज्येचं असतं. म्हणजे खऱ्या डब्याच्या मापाचा हुबेहूब डबा आपण खऱ्या वळणाच्या बारा पट तीव्र वळणावरून न्यायला निघालेलो असतो.

याचा परिणाम आधीच मोजता येतो. बोगी, म्हणजे डब्याखाली फिरणारी चाकांची गाडी, रुळाला धरून चालते. तिच्यावरचा डबा मात्र सरळच राहतो. त्यामुळे वळणावर डब्याचा मधला भाग आत झुकतो आणि टोकं बाहेर जातात. मधला भाग किती आत येईल ते काढायचं असेल तर दोन बोग्यांच्या मध्यांमधल्या अंतराचा वर्ग करावा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागावं. डबा त्रिज्येच्या मानाने लांब असेल तर खरा आकडा याहून थोडा जास्तच निघतो. एलएचबी डब्याच्या बोग्यांमध्ये १४.९ मीटर अंतर असतं, आपल्या प्रमाणात ३३१ मिमी. एवढ्या अंतरावर डब्याचा मध्य ४६ मिमी आत येतो. डब्याची निम्मी रुंदी त्यात मिळवली की त्याची आतली कड स्लीपरच्या टोकापासून ५ सेंमी पुढे लोंबते. त्या जागेत आलेला फलाट, सिग्नल, झाड, सगळं डब्याखाली जातं.

उपाय दोन. पहिला, डबा आखूड करणं. ८ स्टड रुंद, ३२ स्टड लांब आणि बोग्यांमध्ये १८ स्टड अंतर ठेवलेला डबा वळणावर जेमतेम ८ मिमी, म्हणजे एक स्टड आत येतो. लांबी निम्मी केली तरी डबा ओळखू येतो, कारण डोळा लांबीपेक्षा खिडक्यांची लय, दारांची जागा आणि रंगाचे पट्टे धरून ओळखतो. खिडक्यांची संख्या कमी करावी, त्यांचा आकार तसाच ठेवावा. दुसरा उपाय म्हणजे मोठी वळणं. लेगोखेरीज इतर उत्पादक ५६, ७२, ८८ आणि १०४ स्टड त्रिज्येचे रूळ करतात. १०४ च्या वळणावर तोच लांब डबा १७ मिमीच आत येतो. पण त्या वर्तुळाला पावणेदोन मीटर जागा लागते आणि दोन खोल्यांच्या घरात ती रोज मिळत नाही. घरात किती जागा आहे हे आधी ठरवावं, त्यावरून वळण निवडावं आणि वळणावरून डब्याची लांबी.

वळणाची परीक्षा एकाच दिशेने घेऊन थांबू नये. एका बाजूचं वळण संपताच लगेच उलट बाजूचं सुरू होतं, तिथे शेजारच्या दोन डब्यांची टोकं विरुद्ध दिशांना जातात आणि बफर अडकतात. सांधा बदलण्याच्या रुळाला बाजूला खटक्याची पेटी असते. इंजिनाच्या पायऱ्या किंवा वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर खाली आणि रुंद असले तर नेमके तिथे आपटतात. शिवाय गाडी मागे ढकलूनही पाहावी. ओढताना सरळ चालणारा हलका डबा ढकलताना रूळ सोडतो.

आता मोटर. हा कारभार अनेकदा बदलला आहे. सुरुवातीला ४.५ व्होल्टचे सेल, मग १२ व्होल्टची मधल्या पट्ट्यांतून मिळणारी वीज, १९९१ पासून धातूच्या रुळांतून ९ व्होल्ट. ते ९ व्होल्टचे रूळ २००७ मध्ये बंद झाले. त्यानंतर इन्फ्रारेड रिमोटची पॉवर फंक्शन्स आली आणि २०१८ मध्ये ब्लूटूथवर चालणारी पॉवर्ड अप. जुन्या मालाच्या बाजारात यांतलं सगळंच मिळतं, म्हणून खरेदी करताना सावध राहावं. पॉवर फंक्शन्सची मोटर पॉवर्ड अपच्या हबला, म्हणजे सेलच्या पेटीला, थेट जोडता येत नाही, दोन्हींचे प्लग वेगळे आहेत. इन्फ्रारेड रिमोटला समोरासमोर नजर लागते आणि कडक उन्हात तो नीट चालत नाही; गच्चीवर किंवा अंगणात गाडी मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. धातूचे जुने रूळ घेणाऱ्याने हेही पाहावं की गाडी ज्या वळशातून फिरून त्याच मार्गावर उलटी परत येते, तिथे दोन्ही रुळांची वीज एकमेकीला भिडून शॉर्ट होते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला पॉवर्ड अपचा एक हब आणि एक ट्रेन मोटर पुरते. हबमध्ये ट्रिपल ए आकाराचे सहा सेल बसतात. साधे अल्कलाइन सेल प्रत्येकी दीड व्होल्टचे, म्हणून एकूण ९ व्होल्ट. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, म्हणून ७.२. तीच गाडी रिचार्जेबल सेलवर हळू चालली तर मोटर बिघडली असं समजून ती उघडत बसू नये. पावसाळ्यात गाडी कपाटात ठेवायची असेल तर सेल काढूनच ठेवावेत. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत गळलेला एक सेल सगळे संपर्क खराब करतो.

ट्रेन मोटर म्हणजे दोन आसांची तयार बोगीच. भारतीय इंजिन निवडताना हे फार कामाचं ठरतं. डब्ल्यूएपी-७ च्या प्रत्येक बोगीला तीन आस आहेत; तिथे मधला आस खोटा लावावा लागतो आणि त्याच्या चाकांना कड ठेवता येत नाही, नाहीतर वळणावर तीच गाडी उचलते. डब्ल्यूएपी-५ च्या बोगीला दोनच आस आहेत. पहिलं इंजिन म्हणून ते बांधावं.

वाफेच्या इंजिनाला मोठी चाकं लागतात, तिथे ट्रेन मोटर चालत नाही. मोटर वर ठेवून गिअरने शक्ती खाली आणावी लागते. पॉवर फंक्शन्सची एल मोटर ९ व्होल्टवर, काहीही न ओढता, मिनिटाला सुमारे ३९० फेरे घेते. एक्सएल सुमारे २२०. सुमारे ३० मिमी व्यासाच्या चाकाला एल मोटर थेट जोडली तर १:४५ च्या हिशेबाने वेग येतो ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, एक्सएलचा ताशी ५५. डबे जोडले की दोन्ही आकडे खाली येतात. म्हणून एल मोटरला १२ आणि २० दात्यांची जोडी लावून वेग कमी आणि जोर जास्त घ्यावा. या दोन चाकांच्या आसांमधलं अंतर बरोबर दोन स्टड येतं. ८ आणि २४ दात्यांचंही तेवढंच. वर्म गिअरचा मोह मात्र टाळावा. तो जोर भरपूर देतो, पण चाकाकडून मोटर फिरू देत नाही. त्यामुळे सेल संपलेलं इंजिन ढकलून बाजूला घेता येत नाही, त्याची चाकं रुळावर घासत जातात.

जोर मोटरमध्ये असला तरी तो रुळापर्यंत पोचतो तो वजनामुळे. मोटरच्या चाकांवर रबरी कडी असते, पण तिच्यावर भार नसेल तर ती नुसती घसरते. म्हणून सेलचा हब चालत्या चाकांच्या वर ठेवावा, पहिल्या डब्यात लपवू नये. डब्यांचं याच्या उलट: ते जितके हलके तितके बरे. डब्याखाली धातूच्या आसाची चाकं वापरावीत. विटेच्या भोकात फिरणारा प्लॅस्टिकचा आस घर्षणाने बराच जोर खातो आणि असे पाच डबे झाले की इंजिन हरतं. प्रत्येक डबा तयार झाला की रुळाचं एक टोक हळूहळू उचलावं आणि डबा कोणत्या उंचीला घरंगळू लागतो ते पाहावं. उशिरा हलणारा डबा तिथल्या तिथे उघडून दुरुस्त करावा. डब्यांचे जोड चुंबकाचे असतात. गाडी जड झाली की चढावर ते सुटतात.

चढाचा विषय महाराष्ट्राला नवा नाही. सोळा स्टडच्या प्रत्येक रुळामागे एक प्लेट उंची वाढवली तर १२८ मिमीला ३.२ मिमी, म्हणजे ४० ला १ असा चढ होतो. बोरघाटातला चढ ३७ ला १ आहे आणि गोव्याच्या वाटेवरचा ब्रगांझा घाटही तेवढाच. तिथे खऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. घरातल्या रुळांवरही त्याहून जास्त चढ ठेवू नये. प्रत्येक रुळाला दोन प्लेट म्हणजे नेरळ-माथेरानचा २० ला १, आणि तो फक्त एका इंजिनाला व एक-दोन डब्यांना जमतो. बँकरची युक्ती इथेही चालते: हबला दोन जोडण्या असतात, तिथे दुसरी मोटर लावावी. मात्र दोन्ही मोटरींच्या तारा इंजिनाच्या मध्याकडे वळवल्या की मोटरी एकमेकींच्या उलट बसतात. एकच आज्ञा दिली तर एक पुढे खेचते, दुसरी मागे. पॉवर्ड अपच्या ॲपमध्ये एकीची दिशा उलटी करून घ्यावी आणि चाकं हवेत धरून तपासावं.

मोटर आणि वजनाचं गणित खुद्द लेगोलाही दरवेळी सुटलेलं नाही. २०२० चं स्विस क्रोकोडाइल इंजिन एल मोटर बसेल असं आखलेलं होतं. २०२३ चा ओरिएंट एक्सप्रेस २,५४० तुकड्यांचा मोठा संच, पण तो मोटरची सोय न ठेवता आला. मांडून ठेवायचं मॉडेल आणि धावणारं मॉडेल हे दोन वेगळे आराखडे असतात. आपल्याला कोणतं हवं ते पहिल्या दिवशी ठरवावं.

संगणकावर आराखडा करायला चांगली साधनं फुकट मिळतात. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमनने १९९५ मध्ये एलड्रॉ तयार केलं आणि या साऱ्याचा पाया घातला. आज बहुतेक जण ब्रिकलिंकचं स्टुडिओ वापरतात. तुकडे एकमेकांत घुसतात का, यादीत किती तुकडे लागतील, एखादी वीट त्या रंगात निघाली होती का, हे त्यावर कळतं. बोगी किती फिरेल, चाक किती घासेल, चुंबक कधी सुटेल, हे कळत नाही. ते कळण्यासाठी हातातल्या कोणत्याही रंगाच्या विटांनी नुसता सांगाडा बांधावा: बोग्या, जोड, मोटर, हब आणि डब्याच्या मापाची एक सपाट पट्टी. तो वळणावर, सांध्यावर, चढावर, पुढे आणि मागे चालवावा. तो न अडता धावला की मगच रंगीत विटांची मागणी नोंदवावी.

भारतात हा क्रम पाळण्याला पैशाचंही कारण आहे. खेळण्यांवरचा मूळ आयात कर २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाला आणि २०२३ मध्ये ७० टक्के. परदेशातून सुटे तुकडे मागवणाऱ्याला लांबी चुकलेला एक डबा दोनदा विकत घ्यावा लागतो, आणि दोन्ही वेळा करासकट.

भारतीय गाड्यांचे तपासलेले आराखडे अजून फार थोडे आहेत. ज्यांची डेक्कन क्वीन, लोकल किंवा माथेरानची गाडी घरच्या रुळांवर खरोखर धावते आहे, त्यांनी आपला आराखडा इतरांना द्यावा आणि सोबत चार गोष्टी लिहाव्यात: कोणत्या त्रिज्येच्या वळणावर गाडी चालवली, बोग्यांमध्ये किती अंतर ठेवलं, कोणती मोटर लावली आणि ती किती डबे ओढते.