षट्कोणी ठिगळांची गोधडी

घनसावंगी तालुक्यातील कोणत्याही मुलास गोधडी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आईचे विटलेले लुगडे, आजोबांचे धोतर, थोरल्या भावाचा आखूड झालेला सदरा, ही सारी एकावर एक अंथरावी आणि कडेपासून आत आत धावदोरा घालीत जावे, म्हणजे गोधडी होते. कोणी तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी केली तर तेच दुपटे. संत गाडगे महाराजांस (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत, ते त्यांच्या अंगावरील चिंध्यांच्या वस्त्रावरून. परंतु आज ज्या गोधडीविषयी आम्ही लिहीत आहोत तिची जात निराळी आहे. तिच्यात ठिगळ वाटेल तेथे लावीत नाहीत. प्रत्येक ठिगळ कागदाच्या साच्यावर बसवून, त्याच्या सहाही बाजू समान करून, मगच ते शेजाऱ्याशी जोडतात.

कागदावर ठिगळे बसविण्याची ही रीत इंग्लंडात वाढली. या रीतीने केलेले व १७१८ हे साल घातलेले एक रेशमी पांघरूण तिकडे अद्याप जपून ठेविले आहे. अमेरिकेत १८३५ साली ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने षट्कोणाचा नमुना छापला. हे काम केवळ मुलींचे, असा ज्या विद्यार्थ्यांचा ग्रह असेल त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, एकोणिसाव्या शतकात कित्येक गोऱ्या शिपायांनी गणवेशाच्या लोकरी कापडाची अशी पांघरुणे शिवली. हिंदुस्थानात नोकरीस असलेल्या फ्रान्सिस ब्रेली या शिपायाचे षट्कोणी काम लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आता षट्कोणच का? भूमितीत आपण शिकलो आहोत की, समभुज व समकोन आकृतींपैकी एकाच जातीच्या आकृतींनी पृष्ठभाग फटीवाचून झाकावयाचा असेल तर तीनच आकृती उपयोगी पडतात: त्रिकोण, चौरस आणि षट्कोण. षट्कोणाचा प्रत्येक कोन १२० अंशांचा. तीन कोन एके ठिकाणी आले की ३६० अंश भरतात व मध्ये भोक राहत नाही. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. तीन मिळून ३२४ अंश होतात, आणि ३६ अंशांची फट उरते. मधमाश्यांच्या पोळ्यात जी घरे दिसतात ती याच घाटाची होत. शिवाय षट्कोण काढणे सोपे. परकाराने वर्तुळ काढावे, आणि परकार तितकाच उघडा ठेवून परिघावर खुणा करीत जावे. बरोबर सहा खुणा होतात.

साच्यास कागद कोणता घ्यावा? वहीचे पान फार पातळ, पुठ्ठा फार जाड. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कापडास लागते. आमच्या मते जुन्या लग्नपत्रिकेसारखा कागद दुसरा नाही, आणि त्याचा तुटवडा कोणाही घरी नसावा. एक इंच बाजूचा एक साचा अत्यंत काळजीने करावा आणि बाकीचे सर्व त्यावरूनच आखावेत. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा असे करू नये. प्रत्येक साचा इंचाचा बत्तिसावा भाग जरी रुंद झाला, तरी चाळीस ठिगळांच्या ओळीत सव्वा इंचाचा फरक पडतो, आणि मग काम ताटासारखे सपाट न बसता टोपीसारखे फुगते.

कापड सुती व एकदा धुतलेले असावे. लाल रंगाचे असेल तर ते आधी वेगळे भिजवून पाहावे. हल्लीच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या सुंदर दिसतात खऱ्या, पण त्या कागदावरून घसरतात आणि इस्त्रीखाली आकसतात. साच्याच्या सर्व बाजूंनी पाव इंच अधिक ठेवून कापड कापावे. ती कड कागदाच्या मागे दुमडून कागदासकट लांब कच्चे टाके घालावेत. येथे कागदाचे खरे काम समजते. कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने ताणत नाही, पण तिरकस ओढले की ताणते. आणि षट्कोणाच्या दोन बाजू धाग्याशी सरळ ठेविल्या तरी उरलेल्या चार तिरकसच राहतात. त्या चारांना कागद ताब्यात ठेवितो.

मग दोन ठिगळे सुलट्या बाजू समोरासमोर येतील अशी धरावीत आणि कडेवरून बारीक टाके घालीत जावे. सुईने कापडाचे दोन-तीनच धागे उचलावेत, कागद टोचू नये. इंचाला पंधरा टाके चांगले. मध्ये एक व भोवती सहा मिळून एक फूल होते. त्याची शिवण बारा इंच, म्हणजे टाके १८०. नवशिक्याने इतकेच करावे. पुढच्या वेढ्यात १२ ठिगळे लागतात, त्यापुढच्यात १८. ज्या ठिगळास सहाही शेजारी मिळाले त्याचाच कागद काढावा. कडेच्यांचा काढण्याची घाई करू नये.

पाच फूट रुंद व साडेसात फूट लांब पांघरुणास एक इंच बाजूची सुमारे २,०८० ठिगळे लागतात, आणि टाके नव्वद हजारांच्या आसपास होतात. बाजू दोन इंचांची केली तर ठिगळे एक-चतुर्थांश होतात, परंतु शिवण निम्मीच होते. असे का, हे नववीच्या मुलांनी स्वतः काढून पाहावे. काही पालक विचारतील की, बाजारात तयार पांघरूण मिळत असता हा खटाटोप कशास? केवळ उबेसाठी तो करू नये, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. पण ज्या हाताला ओळीने १८० टाके सारखे घालता येतात, त्या हाताचे अक्षर आणि आकृत्याही सुधारतात, असा आमचा अनुभव आहे.

दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले व तेथील युरोपीय नागरिकांस चांगीच्या तुरुंगात कोंडण्यात आले. तेथे एलिझाबेथ एनिस या परिचारिकेने मुलींचे गाइड पथक चालविले. आठ ते सोळा वर्षांच्या सुमारे वीस मुलींनी तिच्या वाढदिवसासाठी गुपचूप षट्कोणी फुलांचे पांघरूण शिवावयास घेतले. कापड म्हणजे मिळतील त्या चिंध्या, आणि दोरा जुन्या कपड्यांतून उसवून काढलेला. त्यांनी आपापली नावेही त्यावर भरली. ते अपुरेच राहिले, आणि तसेच ते आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियममध्ये ठेविलेले आहे.

आमची सूचना अशी की, वरचा थर षट्कोणी फुलांचा करावा आणि खाली आपल्या रीतीप्रमाणे जुन्या लुगड्यांचे थर घालून आजीकडून धावदोरा घालून घ्यावा. त्या कामात आजीइतकी जाणती शिक्षिका शाळेत मिळणार नाही. कडेचे दाते सरळ कापू नयेत. रुंद पट्टीवर ते बसवून शिवून टाकावेत. आपल्या गोधड्यांवर शिवणारीचे नाव सहसा नसते, म्हणून एक ठिगळ कोरे, शक्यतो पांढरे, राखून ठेवावे आणि त्यावर आजीचे नाव, आपले नाव व साल दोऱ्याने घालावे.