देवघेवीचा हिशेब : शिकागो कब्जची पाच वर्षे



गेल्या महिन्यात नववीच्या वर्गात सरासरीचा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, जो संघ आधीच हरतोय, तो आपले चांगले खेळाडू दुसऱ्या संघाला का देतो? मग तर तो आणखीच हरेल ना?” त्याने दूरदर्शन संचावर अमेरिकेतील बेसबॉलविषयी काही पाहिले होते. प्रश्न मार्मिक होता. तास संपला, पण उत्तर संपले नाही. म्हणून हा अभ्यासलेख. बेसबॉलचे नियम ठाऊक नसले तरी चालेल. बेरीज-वजाबाकी आणि थोडा धीर एवढे पुरे.

थोडी पार्श्वभूमी

शिकागो कब्ज हा अमेरिकेतील जुना आणि लोकप्रिय संघ. पण त्याने अजिंक्यपद, म्हणजे ‘वर्ल्ड सिरीज’, १९०८ साली जिंकले आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ते त्याच्या वाट्याला आले नाही. आजोबांनी वाट पाहिली, वडिलांनी पाहिली, नातवानेही पाहिली. ऑक्टोबर २०११ मध्ये मालकांनी संघाचा कारभार थिओ एपस्टाईन यांच्याकडे सोपवला. सरव्यवस्थापक म्हणून जेड होयर आले. त्यांनी ठरवले की डागडुजी करायची नाही, पायापासून बांधकाम करायचे.

पुढे काय झाले ते आकड्यांत पाहा. (एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो.)

२०११ : विजय ७१, पराभव ९१
२०१२ : विजय ६१, पराभव १०१
२०१३ : विजय ६६, पराभव ९६
२०१४ : विजय ७३, पराभव ८९
२०१५ : विजय ९७, पराभव ६५
२०१६ : विजय १०३, पराभव ५८ (एक सामना बरोबरीत)

२ नोव्हेंबर २०१६ रोजी सुरू झालेला अंतिम मालिकेचा सातवा सामना क्लीव्हलँड येथे दहाव्या डावापर्यंत गेला. कब्जने तो ८-७ असा जिंकला आणि १०८ वर्षांची प्रतीक्षा संपली.

आता प्रश्न असा : २०१२ च्या अखेरीस, १०१ पराभवांनंतर, या कारभाऱ्यांना तुम्ही किती गुण दिले असते?

आधी नियम समजून घेऊ

या देवघेवी समजण्यासाठी एक गोष्ट माहीत हवी. अमेरिकन बेसबॉलमध्ये खेळाडू मुख्य लीगमध्ये आला की साधारण सहा हंगाम त्याच्यावर संघाचा हक्क राहतो. त्यानंतर तो मोकळा होतो आणि हव्या त्या संघाशी करार करू शकतो. म्हणून दोन खेळाडूंची तुलना करताना ‘आज कोण चांगला?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘आणखी किती वर्षे हा आपल्याकडे असेल?’ हेही विचारावे लागते.

समजा, एका खेळाडूचा करार याच हंगामाअखेर संपतो. जिंकण्याच्या बेतात असलेल्या संघाला त्याचे मोल फार. पण तळाशी असलेल्या संघाला तो काय देणार? फार तर चार-पाच विजय जास्त, म्हणजे शेवटून दुसऱ्याऐवजी शेवटून तिसरा क्रमांक. मग तो खेळाडू गरजू संघाला देऊन त्याबदली तरुण खेळाडू घ्यावा, हे त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर.

तीन देवघेवी

जानेवारी २०१२ मध्ये कब्जने अँड्र्यू कॅशनर हा जोरकस गोलंदाज (बेसबॉलमध्ये त्याला पिचर म्हणतात) सॅन दिएगोला दिला आणि अँथनी रिझो हा बावीस वर्षांचा फलंदाज घेतला. या व्यवहारात प्रत्येक बाजूने आणखी एकेक नवोदित होता. आदल्या हंगामात सॅन दिएगोसाठी रिझोची सरासरी अवघी ०.१४१ होती. म्हणजे शंभर प्रयत्नांत चौदाच यशस्वी फटके. पण एपस्टाईन बोस्टनमध्ये असताना त्याच संघाने रिझोला निवडले होते, आणि होयर यांनी सॅन दिएगोत असताना त्याला तिकडे नेले होते. एकोणपन्नास सामन्यांच्या आकड्यांपेक्षा चार-पाच वर्षांची ओळख त्यांनी मोठी मानली. २०१६ च्या अखेरच्या सामन्यात शेवटचा चेंडू रिझोच्याच हातमोज्यात विसावला.

२ जुलै २०१३ रोजी स्कॉट फेल्डमन आणि एक राखीव झेलरक्षक बाल्टिमोरला गेले, आणि जेक अरिएटा व पेड्रो स्ट्रॉप आले. फेल्डमनचा करार त्या वर्षापुरताच होता. अरिएटाची त्या हंगामातील सरासरी ७.२३ होती. पिचरची ही सरासरी म्हणजे नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावा. ती जितकी कमी तितकी चांगली, आणि चारच्या आसपास म्हणजे मध्यम. ७.२३ म्हणजे नापासच! पण तोच अरिएटा २०१५ मध्ये २२ सामने जिंकून १.७७ सरासरीसह आपल्या लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. बाल्टिमोरला मात्र त्या वर्षी बाद फेरी गाठता आली नाही आणि हंगाम संपताच फेल्डमन दुसरीकडे गेला.

जुलै २०१४ मध्ये जेफ सामार्झिया आणि जेसन हॅमेल हे दोन चांगले पिचर ओकलंडला देऊन ॲडिसन रसेल हा वीस वर्षांचा क्षेत्ररक्षक, बिली मॅकिनी हा नवोदित आणि एक पिचर घेतले. ओकलंड बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरले. हॅमेल तर हंगामानंतर मोकळा होऊन पुन्हा कब्जकडेच आला.

याशिवाय हरण्याचाही एक ‘लाभ’ असतो. तळाच्या संघांना नवोदितांच्या निवडीत आधी संधी मिळते. २०१२ च्या पराभवांमुळे पुढच्या वर्षी कब्जला दुसरा क्रमांक मिळाला आणि त्यांनी क्रिस ब्रायंटला निवडले.

नशिबाचा वाटा

इथपर्यंत वाचून ‘काय हुशार माणसे!’ असे वाटले असेल. जरा थांबा.

जुलै २०१२ मध्ये कब्जने रायन डेम्प्स्टर या अनुभवी पिचरची अटलांटाशी देवघेव जवळजवळ पक्की केली होती. बदल्यात रँडल डेल्गाडो हा तरुण पिचर येणार होता. पण मुख्य लीगमध्ये दहा वर्षे आणि एकाच संघात सलग पाच वर्षे झालेल्या खेळाडूला अशी बदली नाकारण्याचा हक्क असतो. डेम्प्स्टरने तो वापरला. अखेर मुदतीच्या दिवशी, ३१ जुलैला, त्याला टेक्सासकडे देण्यात आले आणि दोन नवोदित मिळाले. त्यातील एक काइल हेंड्रिक्स. त्याच्या चेंडूला मोठा वेग नव्हता आणि नावाचा फारसा बोलबालाही नव्हता. २०१६ मध्ये २.१३ ही मुख्य लीगमधील सर्वोत्तम सरासरी त्याची होती आणि अंतिम मालिकेचा सातवा सामना त्यानेच सुरू केला. डेल्गाडो मात्र पुढे साधारण दर्जाचाच राहिला.

म्हणजे कारभाऱ्यांचा पहिला बेत सफल झाला असता तर हेंड्रिक्स आलाच नसता! यश मिळाले म्हणून सगळे श्रेय बुद्धीचे, असे मानू नये ते यासाठी. पण उलटेही खरे आहे : तरुण खेळाडू मिळवायचा हे धोरण दोन्ही वेळा तेच होते. धोरण पक्के असेल तर नशिबाला दार उघडे सापडते.

फसलेली देवघेव

डिसेंबर २०११ मध्ये याच कारभाऱ्यांनी टायलर कॉल्विन आणि डीजे लमेह्यू हे दोघे कोलोरॅडोला देऊन इयन स्ट्युअर्ट आणि एक पिचर घेतला. स्ट्युअर्टने २००९ मध्ये २५ होमरन मारले होते. तो सावरेल अशी आशा होती. मनगटाच्या दुखण्याने २०१२ मध्ये त्याची सरासरी ०.२०१ वर अडकली आणि तो फार टिकला नाही. लमेह्यूने मात्र २०१६ मध्ये ०.३४८ सरासरीने आपल्या लीगचे फलंदाजीचे विजेतेपद मिळवले, आणि २०२० मध्ये दुसऱ्या लीगमध्येही तेच केले.

ही चूक का? निकाल वाईट लागला म्हणून नव्हे. जो संघ उद्यासाठी बांधायचा होता, त्याने तेवीस वर्षांचा खेळाडू देऊन दुखापतीने ग्रासलेला खेळाडू घेतला. आपलेच सूत्र त्यांनी इथे मोडले. चूक मोजायची ती अशी, त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवरून.

वेळ बदलली की भाव बदलतो

जुलै २०१६ मध्ये कब्ज आपल्या गटात आघाडीवर होते. आता त्यांनी नेमके उलट केले. हंगामाअखेर करार संपणारा वेगवान पिचर अरोल्डिस चॅपमन यांकीजकडून घेतला आणि ग्लेबर टोरेस या एकोणीस वर्षांच्या गुणी खेळाडूसह चौघे दिले. टोरेस पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये ऑल-स्टार झाला, आणि चॅपमनही मोसम संपताच यांकीजकडे परतला. कागदावर यांकीजचा नफा दिसतो. पण टोरेसच्या जागी खेळायला कब्जकडे रसेल होता, चॅपमनसारखा पिचर नव्हता, आणि १०८ वर्षांच्या प्रतीक्षेचा भाव कोणत्या तागडीत तोलणार?

आकड्यांत न मावणारे

दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली प्रेक्षकांची. २०११ मध्ये तीस लाखांवर असलेली घरच्या मैदानावरील उपस्थिती २०१३ मध्ये सुमारे सव्वीस लाखांवर आली. ‘उद्या जिंकू’ म्हणून आज हरणाऱ्या संघाचे तिकीट काढणाऱ्या माणसाला खरे सांगणे हे कारभाऱ्यांचे कर्तव्य असते. दुसरी, चारित्र्याची. चॅपमनवर त्या हंगामाच्या आरंभी लीगच्या कौटुंबिक हिंसाविषयक नियमांखाली ३० सामन्यांची बंदी होती. त्याला घेणे अनेक चाहत्यांना रुचले नाही, आणि अजिंक्यपदाने तो प्रश्न पुसला गेला असे म्हणता येणार नाही. खेळाडू सोंगट्या नसतात हेही लक्षात असू द्या. फोन आला की त्यांना एका रात्रीत गाव सोडावे लागते.

हिशेबाची रीत

कोणतीही देवघेव तपासताना हे पाच प्रश्न क्रमाने विचारा :

१. त्या दिवशी दोन्ही बाजूंना काय माहीत होते?
२. दिलेला आणि घेतलेला खेळाडू किती वर्षे हाती राहणार होता?
३. संघाला विजय कधी हवे होते, आज की तीन वर्षांनी?
४. निर्णय ठरवलेल्या धोरणाला धरून होता का?
५. निकालात नशिबाचा वाटा किती?

निकाल पाहायचा तो शेवटी. एकच देवघेव पाहूनही मत बनवू नका, दहा पाहा. एका नाण्याच्या एका फेकीवरून नाणे खोटे ठरत नाही, हे संभाव्यतेच्या पाठात आपण शिकलोच आहोत.

पालकांना आणि संस्थेच्या विश्वस्तांना एक विनंती. एका चाचणीतील गुणांवरून मुलाला, किंवा एका वर्षाच्या निकालावरून शाळेच्या नव्या उपक्रमाला नापास ठरवण्याआधी हीच रीत वापरून पाहावी. मात्र धीर म्हणजे डोळे झाकणे नव्हे. ‘अजून वेळ द्या’ म्हणणाऱ्याने काय बांधतो आहोत आणि ते कधी दिसेल, हे आधी सांगितलेच पाहिजे.

स्वाध्याय

१. वरील आकड्यांवरून २०१२ ते २०१६ या वर्षांची विजयांची टक्केवारी काढा आणि आलेख काढा. (२०१६ साठी बरोबरीचा सामना वगळा.)

२. जुलै २०१७ मध्ये कब्जने होजे क्विंटाना या पिचरसाठी एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ यांच्यासह चार नवोदित दिले. सीझ २०२२ मध्ये आपल्या लीगच्या सर्वोत्तम पिचरच्या मतदानात दुसरा आला. कब्जला क्विंटाना असताना पुन्हा अजिंक्यपद मिळाले नाही. पाच प्रश्न वापरून दहा ओळींत मत लिहा.

३. जुलै २०२१ मध्ये कब्जने रिझो, ब्रायंट आणि हावियर बाएझ या अजिंक्य संघातील तिघांनाही दुसऱ्या संघांना दिले. बाएझच्या बदल्यात आलेला पीट क्रो-आर्मस्ट्राँग २०२५ मध्ये ऑल-स्टार झाला. २०२१ च्या जुलैत तुम्ही चाहते असता तर काय म्हटले असते? प्रामाणिकपणे लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरी आजोबांशी किंवा आईबाबांशी बोलून लिहिलेत तर अधिक चांगले. जुन्या निर्णयांचा हिशेब त्यांच्याकडे बराच असतो.