कमरेची जखम आणि डॉक्टरांचा चाकू

आपल्याकडे बायका लुगडे किंवा परकर कमरेला घट्ट कसतात. पुरुष धोतर कसतात. वर्षानुवर्षे एकाच जागी काच बसतो. तिथली कातडी काळी पडते, खाजते. बहुतेकांचे एवढ्यावरच भागते. पण क्वचित एखाद्याची तिथली जखम महिनोन् महिने भरत नाही. तिच्या कडा जाड होतात, मधे मांस वाढते, रक्त येते. हा कातडीचा कॅन्सर असू शकतो. मुंबईचे डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली त्याबद्दल लिहिले. त्याला 'धोतराचा कॅन्सर' असे नाव पडले. भाजल्याच्या जुन्या वणावरही कधी कॅन्सर होतो.

जखम लहान असते तेव्हा काम सोपे असते. पण आपण हळद भरतो, लेप लावतो आणि वर्ष घालवतो. मग जखम तळहाताएवढी होते. जांघेत अवधाण येते. तेव्हा शेजारीपाजारी सांगतात, "चाकू लावू नका हो, चाकूने कॅन्सर पसरतो." हे खरे नाही. तो पसरतो दिवस घालवल्याने.

डॉक्टर आधी जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासतात. कॅन्सर ठरला तर ऑपरेशन. भूल देतात, त्यामुळे कापताना दुखत नाही. जखमेच्या भोवतालची थोडी चांगली कातडीही काढतात. घरचे विचारतात, चांगली कातडी कशाला कापली? अहो, हरळी खणताना आपण दिसते तेवढीच उपटतो का? भोवतालची मातीही खणतो, कारण मुळ्या वरून दिसत नाहीत. तसेच हे. अवधाणात कॅन्सर गेला असेल तर त्या गाठीही काढतात. त्यानंतर पाय सुजू शकतो. हे आधीच विचारून घ्यावे.

एवढा मोठा खड्डा टाके घालून मिटत नाही. मग मांडीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ सोलून तिथे बसवतात. मांडीची जागा दोन-तीन आठवड्यांत भरून येते. पुष्कळांना याचीच भीती जास्त वाटते, का कोण जाणे!

पायावरचा कॅन्सर हाडापर्यंत गेला, तर कधी पायच काढावा लागतो. गोष्ट कठीण आहे. पाय ठेवला तर काय, काढला तर काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. लाजू नये.

कॅन्सर फुप्फुसात पोचला असेल तर नुसत्या चाकूने तो जात नाही. औषधे देतात, शेक देतात. तरीही कधी कधी बाहेरची जखम काढतात. रक्त थांबते, घाण वास जातो आणि माणूस पुन्हा चार लोकांत बसतो.

ऑपरेशननंतर दर काही महिन्यांनी तपासायला बोलावतात. घरी बरे वाटत असले तरी जावे लागते. डॉक्टर वण पाहतात आणि जांघ चाचपतात.