काटा आणि पकड

वाई,
रोहिणी नक्षत्राची अखेर

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. कोथरूडहून खराडीपर्यंतचा रोजचा प्रवास तू सायकलीने करू लागलास हे वाचून मला जो संतोष झाला, तो तुझ्या प्रश्नाचे उत्तर काळजीपूर्वक देण्यानेच अधिक व्यक्त होईल असे वाटते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. एका महिन्यात तीन पंक्चरे झाली, दोनदा कचेरीत पोहोचण्यास उशीर झाला, आणि म्हणून ‘कधीच पंक्चर होत नाही’ असे जे जाड टायर तुझ्या स्नेह्याने सुचविले ते दोन्ही चाकांना बसवून एकदाचे मोकळे व्हावे, असा तुझा बेत दिसतो. परंतु मृगाचा पाऊस आठवड्यावर आला आहे ही गोष्ट तू हिशेबात धरलेली नाहीस. सबब तूर्त थांब, आणि हे पत्र वाचून होईपर्यंत दुकानात पैसे भरू नकोस.

टायरकडून आपण दोन गोष्टींची अपेक्षा करतो: त्याने काट्याला आत घेऊ नये आणि रस्त्याला सोडू नये. या दोन गुणांचे परस्परांशी फारसे सख्य नाही, हे ज्याला प्रथम उमगले त्याची निवड सहसा चुकत नाही. रबर जितके टणक तितके ते सावकाश झिजते आणि काचेचा कण त्यात सहज रुतत नाही, हे खरे. पण तेच टणक रबर डांबराच्या बारीक खाचाखोचांत शिरून बसत नाही, आणि रस्ता ओला झाला की त्याचा आणि जमिनीचा संबंध केवळ नावापुरता उरतो. उलट मऊ, लवचिक रबर ओल्या खडीलाही बिलगून राहते, मात्र वाटेतील प्रत्येक कणाला आपल्या अंगात आश्रय देते.

हे मी पुस्तकी ज्ञानाने लिहीत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी, पगार तुटपुंजा असल्यामुळे पंक्चरचे पैसे वाचावेत या हिशेबाने, मी दुकानातील सर्वांत टणक टायर मागून घेतले होते. वर्षभर एकदाही सायकल हातात धरून चालत यावे लागले नाही, आणि त्या किफायतीचा मला मोठा अभिमान वाटे. पुढच्या ज्येष्ठात पहिली सर पडून गेल्यानंतर, रस्त्यावरच्या धुळीत साचलेले तेल पाण्यावर तरंगत असताना, एका साध्या वळणावर पुढचे चाक असे काही निसटले की मी पडलो हे मला जमिनीवर आपटल्यानंतरच कळले. उजवे मनगट मोडले आणि सहा आठवडे ते प्लास्टरमध्ये राहिले. मागून येणाऱ्या बसच्या चालकाने वेळीच ब्रेक दाबला म्हणून आज हे पत्र लिहिण्यास मी आहे. पंक्चर माणसाचा वेळ घेते. घसरणे माणसालाच घेऊन जाऊ शकते. या दोन हानी एका तराजूत घालू नयेत, एवढेच सांगण्यासाठी खरे तर हे पत्र आहे. पुढचा सारा मजकूर या एका वाक्याचा तपशील समज.

तुझ्या संपूर्ण देहाचा भार जमिनीच्या किती भागावर उभा असतो, याचा कधी विचार केला आहेस काय? मागच्या चाकावर पन्नास किलोचा भार आणि टायरमध्ये ८० पौंड हवा असे धरले, तर टायर रस्त्याला जेथे टेकते ती जागा सुमारे नऊ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे तर्जनीच्या दोन पेरांएवढी. पुढच्या चाकाच्या वाट्याला भार कमी असल्यामुळे जागाही त्याहून कमी. तुझे वळणे, थांबणे आणि सावरणे हे सर्व त्या दोन पेरांच्या जामिनावर चालते, हे मनात ठेवूनच दुकानाची पायरी चढावी.

हवा भरलेल्या चाकाचा इतिहासही येथे उपयोगी पडतो. आपल्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते; तिला काट्याचे भय नाही, पण खडकावरून जाताना ती गाडीवानाची हाडे खिळखिळी करते. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने घोडागाडीसाठी हवेच्या टायरचे पेटंट घेतले, ते त्या काळी विस्मरणात गेले, आणि १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने, स्वतःच्या मुलाची तीनचाकी सुखाने चालावी म्हणून केलेल्या प्रयोगातून तीच कल्पना पुन्हा जन्मास घातली. हवा दबते म्हणून टायर रस्त्याच्या उंचसखलपणाशी जुळवून घेते आणि जुळवून घेते म्हणूनच धरून ठेवते. पंक्चर ही त्या सोयीची किंमत आहे. ती किंमत कधीच द्यावयाची नाही असा हट्ट धरून भरीव रबराचे टायर बसविणे म्हणजे पुन्हा धावेकडे परत जाणे होय.

फ्रान्समधील मिशलॅं बंधूंनी ही गोष्ट फार शहाणपणाने ओळखली होती. आधीची टायरे रिमला चिकटविलेली असत व पंक्चर काढण्यास तासन् तास लागत. १८९१ मध्ये त्यांनी सहज उतरविता येणारे टायर आणले, आणि १८९२ साली पॅरिस ते क्लेरमॉं-फेरॉं अशी जी शर्यत भरविली तिच्या वाटेवर त्यांनी मुद्दाम खिळे पसरविले. आपल्या टायरला खिळा लागत नाही असा दावा त्यांनी केला नाही. खिळा लागला तरी स्वार थोड्या वेळात पुन्हा मार्गस्थ होतो, एवढेच त्यांना जगाला दाखवावयाचे होते. दुरुस्तीची तयारी हीदेखील संरक्षणाचीच एक रीत आहे, हा त्यातील बोध तू घे.

आता तुझ्या तीन पंक्चरांची रुजवात घेऊ. पहिल्या दोन वेळी ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा होत्या, असे तू लिहितोस. बाळ, ते काम काट्याचे नव्हे. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आदळले, आणि रिमच्या दोन कडांनी ट्यूब चिमटीत धरून कापली, याचा तो दाखला आहे. जगातील सर्वांत जाड टायर घेतलेस तरी हवा भरण्याचा आळस केलास तर अशा चिरांचे भय कायमचे जाणार नाही. तिसऱ्या वेळी सापडलेली केसासारखी तार मात्र खरी शत्रू. तुझ्या वाटेवरच्या नगर रस्त्यावर अवजड मालमोटारी धावतात, त्यांची फाटलेली टायरे कडेला पडतात, आणि त्यांच्यातून सुटलेल्या पोलादी तारांचे तुकडे सायकलस्वाराची वाट पाहत राहतात. काचेचे कण, बाभळीचे काटे आणि मोकळ्या जागेतून आडवाट धरलीस तर सराटे, हे बाकीचे वाटेकरी.

या शत्रूंविरुद्ध टायर बनविणारे दोन प्रकारे बंदोबस्त करतात. एका प्रकारात रबराच्या खाली चिवट धाग्यांच्या विणीचा पट्टा घालतात. स्टेफनी क्वोलेक या विदुषीने १९६५ साली शोधलेल्या केव्हलारसारखे तंतू, अथवा कॉंटिनेंटलच्या ग्रॉं प्री फोर सीझन या टायरात असतो तसा व्हेक्ट्रानचा पट्टा, हे या वर्गातले. पट्टा पातळ असल्यामुळे टायरचा लवचिकपणा बराचसा टिकतो. दुसऱ्या प्रकारात धाग्याऐवजी लवचिक रबराचा जाड थरच घालतात. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन प्लसमध्ये हा थर पाच मिलिमीटर जाडीचा असतो, आणि आत शिरलेली टाचणीही बहुधा ट्यूबपर्यंत पोहोचत नाही. परंतु पंचवीस मिलिमीटर रुंदीचे हे टायर सुमारे सहाशे ग्रॅम भरते. त्याच मापाचे शर्यतीचे टायर सव्वादोनशेच्या आसपास असते. हा फरक तीस किलोमीटरच्या फेरीत पायांना जाणवल्याशिवाय राहत नाही, आणि जाड भिंतीचे टायर रस्त्याशी जुळवून घेण्यातही मंद असते. तिसरा मार्ग म्हणजे ट्यूबच काढून आत चिकाचा द्रव घालणे. तो आपल्याकडील उष्णतेत लवकर वाळतो व पुन्हा पुन्हा घालावा लागतो, म्हणून तुझ्यासारख्या नवख्यास मी त्याची शिफारस तूर्त करीत नाही.

दुकानदार टायरवरील खोल नक्षी दाखवून पावसाळ्याची हमी देईल, तर तिला भुलू नकोस. मोटारीचे रुंद टायर पाण्यावर तरंगू शकते म्हणून त्याला पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा लागतात. सायकलीचे टायर अरुंद, गोल व अधिक दाबाचे असल्यामुळे ते आपल्या वेगाला पाणी स्वतःच बाजूला सारते. डांबरी रस्त्यावर पकड देते ते रबर, नक्षी नव्हे. म्हणून रबराच्या मिश्रणाची चौकशी कर; ज्यात सिलिका मिसळलेली असते ते ओल्या रस्त्यावर साधारणतः अधिक विश्वासू ठरते. टायर वर्षानुवर्षे दुकानात उन्हाला टांगलेले नाही ना, हेही पाहा, कारण जुने झालेले रबर न वापरताच ताठ होते.

यानंतर रुंदी. तुझ्या सायकलीला सध्या पंचवीसचे टायर आहे; ब्रेक व फ्रेम यांच्यात जागा असेल तर अठ्ठावीसचे घे. रुंद टायरमध्ये हवेचा साठा अधिक, त्यामुळे कमी दाबावरही रिम खाली टेकत नाही, आणि दाब कमी म्हणून पकड अधिक: काटा आणि पकड यांचे भांडण जेथे बऱ्याच अंशी मिटते अशी ही एकच जागा आहे. टायरच्या अंगावर २८–६२२ असे आकडे छापलेले असतील. पहिला रुंदीचा आणि दुसरा रिमवर टायर जेथे बसते त्या वर्तुळाच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आपल्या वाड्यातील आजोबांच्या सायकलीचे टायरही ‘अठ्ठावीस’चेच म्हणतात, पण ते अठ्ठावीस इंची असून त्याचा हा व्यास ६३५ आहे, नावाच्या साम्यावर विसंबून ते आणशील तर रिमवर बसणार नाही. म्हणून आकड्यांची खातरजमा करूनच पैसे दे.

आता निर्णय. दोन्ही चाकांना एकच टायर हवे, असा काही शिरस्ता नाही. मागच्या चाकावर भार अधिक, ते झिजते अधिक, आणि पंक्चरेही बहुतेक तेथेच होतात. पण मागचे चाक घसरले तर माणूस पुष्कळदा सावरतो. पुढचे घसरले तर सावरण्यास क्षणही मिळत नाही. माझे मनगट त्याची साक्ष देईल. म्हणून पुढे मऊ रबराचे, पातळ पट्ट्याचे, उत्तम पकडीचे टायर बसव, आणि मागे हवे तर अधिक चिलखती. मागचे झिजून चपटे झाले की ते पुढे टाकण्याची काटकसर कदापि करू नकोस. पुढचे मागे ने, आणि नवे नेहमी पुढे घाल.

निवडीइतकाच सांभाळही महत्त्वाचा. तुझे वजन पाहता अठ्ठावीसच्या टायरला मागे ७५ ते ८० आणि पुढे ६५ ते ७० पौंडांच्या आसपास हवा पुरे. ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपत असतेच, तेव्हा दर रविवारी काटा असलेल्या पंपाने ती मोजून भर. त्याच वेळी दोन्ही टायरे बोटाने फिरवून रुतलेले कण टाचणीने काढ. काचेचा कण पहिल्या दिवशी क्वचितच पंक्चर करतो, तो रोज थोडा थोडा आत सरकतो. टायर बसविताना त्यावरील नाव वॉल्व्हसमोर आणून ठेव, म्हणजे ट्यूबचे भोक पाहून टायरमधील काट्याची जागा लगेच कळते. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरव. डोळ्यांना न दिसलेली तार कापसाला अडकते. पिशवीत एक नवी ट्यूब, टायर उतरविण्याच्या दोन पट्ट्या व लहान पंप असू दे, आणि एखाद्या रविवारी अंगणात बसून ट्यूब बदलण्याचा सराव कर, म्हणजे पुढच्या वेळी उशीर फार तर पंधरा मिनिटांचा होईल.

आणि पाऊस सुरू झाला की एवढे ध्यानात ठेव: पहिल्या सरीचा दिवस सर्वांत निसरडा. गटाराची लोखंडी झाकणे, रंगवलेले पांढरे पट्टे आणि गुलमोहराच्या भिजलेल्या पाकळ्यांचा सडा यांवर कोणतेही टायर जामीन राहत नाही. तेथे ना वळ, ना ब्रेक दाब, सरळ निघून जा.

तुझ्या आईने, माझ्या धाकट्या बहिणीने, माझे प्लास्टर असताना सहा आठवडे मला हाताने जेवू घातले होते. पावसात तुला यायला उशीर झाला की ती गॅलरीत उभी राहील हे मला ठाऊक आहे. पंक्चर होऊन तू तासभर उशिरा आलास तर ती रागावेल, आणि तो राग तू आनंदाने सोस. नवे टायर बसविल्यावर दोन ओळी लिही.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मामा